पाच महिन्यांच्या बाळाचा इसब आणि घरगुती उपाय: एक प्रकरण अभ्यास

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाच महिन्यांची एक मुलगी माझ्या दवाखान्यात आली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांना पायमोजे चढवलेले होते आणि ते निसटू नयेत म्हणून मनगटांवर काळा दोरा गुंडाळलेला होता. आधी तो दोरा सोडवला, कारण झोपेत मूठ वळवताना असा दोरा आवळतो आणि मोज्याखाली बोटे निळी पडली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मोजे काढताक्षणी तिचे हात गालांकडे गेले, आणि आईने ते मधल्या मध्ये पकडले. महिनाभर दिवसरात्र हेच करीत असल्याचे त्या सवयीच्या हालचालीतून कळत होते.

हे कुटुंब सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचे. ओळख पटू नये म्हणून नाती आणि काही तपशील मी बदलले आहेत. मुलीचा जन्म जुलैमध्ये आईच्या माहेरी, रत्नागिरीजवळ झाला आणि तिसऱ्या महिन्याअखेर, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, ती सासरी आली. पंधरा दिवसांत गाल खरखरीत झाले, मग फुटले, मग ओले झाले. सासरची मंडळी म्हणत की बाळाला पाणी सोसले नाही. आईचा मनातल्या मनात संशय तेलावर होता, पण तो तिने बोलून दाखवला नव्हता. माझ्या दृष्टीने अडचण अशी होती की कोकणातून सोलापूरकडे येताना हवा, पाणी, तेल, अंघोळीची पद्धत आणि बाळाला हाताळणारी माणसे हे सगळे एकाच आठवड्यात बदलले होते, त्यामुळे कोणा एकावर बोट ठेवणे प्रामाणिकपणाचे झाले नसते.

तपासणीत दोन्ही गालांवर ओलसर चट्टे, त्यांवर वाळलेल्या लशीचे, म्हणजे कातडीतून पाझरलेल्या द्रवाचे, पातळ पापुद्रे, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या बाहेरच्या अंगाला कोरडे खरबरीत पट्टे, आणि नाकाचा शेंडा मात्र स्वच्छ. लंगोटाखालची कातडी तर लोण्यासारखी मऊ होती. तान्ह्या बाळाच्या इसबाची ही जवळजवळ सहीच असते: लंगोटाखाली ओलावा टिकतो आणि तिथे बाळाचा हातही पोहोचत नाही. तळहात-तळपाय स्वच्छ होते आणि घरात दुसऱ्या कोणाला खाज नव्हती, म्हणून खरूज बाजूला पडली. ताप नव्हता, पू नव्हता. वजन जन्मतः २.८ किलो होते ते आता ६.४ झाले होते, म्हणजे वाढ ठीक होती. आईला वर्षानुवर्षे सकाळी उठल्यावर शिंकांचा त्रास होता. वडिलांबद्दल विचारल्यावर आजी आधी म्हणाल्या, "त्याला काय झालं नव्हतं." थोडे थांबून त्यांनीच आठवण काढली, "ल्हानपणी थंडीत गाल तेवढे फुटायचे त्याचे. रगात यायचं. मग आपसूक गेलं."

इसब, वैद्यकीय भाषेत ॲटोपिक डर्मटायटिस, हा अंगातली उष्णता बाहेर पडण्याचा प्रकार नव्हे, हे आजींना सांगताना मी त्यांच्या माळवदाचाच, म्हणजे मातीच्या सपाट छपराचाच, आधार घेतला. माळवदावरची पांढरी माती दरवर्षी पसरून चोपली नाही की पहिल्या पावसात पाणी आत झिरपते आणि उन्हाळ्यात वरच्या भेगा रुंदावतात. या बाळाच्या कातडीवरचा तो थर जन्मापासूनच पातळ आहे. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचे नको ते आत शिरते. फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन हा थर घट्ट ठेवते, आणि त्याच्या जनुकातील दोषाचा इसबाशी असलेला संबंध स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवला. प्रत्येक इसबाच्या बाळात तो दोष असतोच असे नाही. आजींना जनुकाशी कर्तव्य नव्हते, पण माळवद त्यांना चटकन पटले, आणि पुढच्या सहा महिन्यांत आमच्या बोलण्यात तोच शब्द राहिला.

त्रास मोजण्यासाठी मी नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी तयार केलेली, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली 'पोएम' प्रश्नावली वापरते. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आले, लस वाहिली, कातडी भेगाळली, पापुद्रे निघाले आणि कोरडी पडली, असे सात प्रश्न आईला विचारायचे. एकूण गुण २८. सोळाच्या वर गेले की त्रास तीव्र मानतात. या बाळाचे १९ आले.

अंघोळीची चित्रफीत

घरी काय काय करता, असे विचारले की उत्तर नेहमी "काही विशेष नाही, आपलं नेहमीचंच" असे येते. म्हणून मी आईला दुसऱ्या दिवशीच्या अंघोळीचे मोबाइलवर चित्रण करून आणायला सांगितले. ती चित्रफीत एकवीस मिनिटांची होती आणि या प्रकरणातील सर्वांत उपयोगी तपासणी तीच ठरली.

न्हाऊ घालणाऱ्या मावशी पाय लांब करून पाटावर बसलेल्या, नडग्यांवर बाळ पालथे. कसब असे की बाळाची मान एकदाही कलंडत नाही. आधी घाण्यावरून आणलेले शेंगदाण्याचे तेल, भरपूर, टाळूपासून टाचेपर्यंत. मग कणकेचा छोटा गोळा तेलात बुडवून पाठीवर, दंडांवर आणि गालांवर गोल गोल फिरवणे, लव जावी म्हणून. मग डाळीचे पीठ, साय आणि हळद यांचे उटणे, तेही घासूनच. त्यानंतर पाणी. पाण्याच्या वाफेने मोबाइलची काच धुरकटलेली दिसते आणि मिनिटभर चित्रच दिसत नाही. फक्त तांब्याचा आवाज आणि बाळाचे रडणे. शेवटी शेगडीवर ओवा, शेपा, वावडिंग आणि लसणाच्या साली टाकून धुरी, अंगावर वेखंडाची पूड, लोकरीचे टोपरे, आणि गाढ झोप. ती झोप म्हणजे अंघोळ मानवल्याची खूण असे सगळ्यांना वाटे. माझ्या मते ते रडून आलेले थकणे होते. तासाभरात खाज सुटून बाळ जागे होई.

याशिवाय रात्री गालांवर कडुनिंबाच्या पाल्याचा वाटलेला लगदा, आणि शेजारणीने आठवडी बाजारातून आणून दिलेले, नावगाव नसलेल्या डबीतील 'जडीबुटीचे' मलम. या मलमाबद्दल घरात आदराने बोलले जात होते, कारण दोन दिवसांत गाल साफ झाले होते. बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी दुपटीने उमटले, हे मात्र मी खोदून विचारल्यावरच सांगितले गेले.

आईचे पथ्य हा आणखी एक उपाय चालू होता. बाळाला अंगावरच्या दुधातून 'गरम' जाऊ नये म्हणून तिचे शेंगदाणे, अंडी, वांगी, गवार, दूध आणि दही बंद केले होते. वरण-भात आणि ज्वारीची भाकरी यांवर ती दीड महिना राहिली होती आणि तिचे वजन उतरले होते. बाळाच्या शौचात रक्त, सतत उलट्या, वजन न वाढणे अशी खूण असती तर दुधाच्या ॲलर्जीचा विचार करून काही आठवड्यांपुरते आणि देखरेखीखाली आईचे दूधदुभते थांबवून पाहिले असते. इथे तसे काहीच नव्हते. पहिल्या दिवशी मी लिहून दिलेली पहिली सूचना बाळासाठी नव्हतीच: आईने आजपासून सगळे खावे.

काय थांबवले आणि का

घरच्यांची अट स्पष्ट होती: नैसर्गिक उपाय सांगा, स्टिरॉईड नको. मला ती अट मुळीच गैर वाटली नाही, कारण संसर्ग नव्हता, बाळ वाढत होते आणि आठवडाभर थांबून पाहण्याला वाव होता. मात्र नैसर्गिक उपायांची माझी यादी काढून टाकण्यापासून सुरू झाली, हे आजींना विचित्र वाटले. "तेल न लावता पोरगी तशीच कोरडी ठिवायची व्हय, डॉक्टरीणबाई?" असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता.

सर्वांत आधी कातडीवरचे अन्न थांबवले. शेंगदाणा, गहू, हरभरा आणि दूध, म्हणजे पुढे ज्यांवर हे बाळ जेवणार तेच सारे पदार्थ दररोज फुटलेल्या कातडीवर चोळले जात होते. शरीराची रोगप्रतिकारशक्ती अन्नाची पहिली ओळख तोंडावाटे झाली तर त्याला सहसा आपले मानते. तीच ओळख सुजलेल्या, भेगाळलेल्या कातडीतून झाली तर त्याला परके ठरवण्याची शक्यता वाढते. २००३ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने ब्रिटनमधील मुलांच्या पाहणीतून, शेंगदाणा तेल असलेली मलमे अंगाला लावलेल्या बाळांत पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक आढळल्याचे मांडले. आपल्याकडे शेंगदाण्याची ॲलर्जी पाश्चात्त्य देशांइतकी दिसत नाही, हे खरे, आणि म्हणून निरोगी कातडीच्या बाळाला डाळीचे पीठ लावले म्हणून मी कोणाला धारेवर धरणार नाही. फुटलेल्या कातडीची गोष्ट वेगळी. इथे एक उलटापालट लक्षात घ्यावी लागते: घाण्याचे तेल शुद्ध म्हणून आपण मुद्दाम आणतो, पण न गाळलेल्या तेलात शेंगदाण्यातील प्रथिनांचा अंश राहतो, आणि तोच इथे नको आहे. ताटात जे चांगले ते गालावर चांगले असेलच असे नाही.

शेंगदाण्याच्या तेलाला दुसराही आक्षेप आहे. त्यात ओलिक आम्लाचे प्रमाण मोठे असते, आणि हे आम्ल कातडीच्या वरच्या थरातील स्निग्ध द्रव्यांची मांडणी विस्कटते. ऑलिव्हच्या तेलाबाबत शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच दाखवले. मोठ्या शहरांत महागडे ऑलिव्ह तेल बाळाला लावण्याची जी हौस आहे, ती इसबाच्या बाळाबाबत तरी सोडून द्यावी.

कणकेचा गोळा, उटण्याचे घासणे आणि कडत पाणी ही तर सरळ माळवद खरवडण्याचीच कामे होती. हळदीविषयी आजींचा आग्रह फार होता. हळदीत दाहशामक गुण आहेत, पण तान्ह्या बाळाच्या इसबावर ती लावून फायदा होतो असा भरवशाचा पुरावा नाही, काहींच्या कातडीला ती स्वतःच चुरचुरते, आणि पिवळ्या रंगाखाली लाली किती आहे हेच दिसेनासे होते. आधीच आपल्या सावळ्या कातडीवर दाह लाल न दिसता जांभळट किंवा राखाडी दिसतो, त्यामुळे आजार आहे त्याहून कमी वाटतो. त्यावर हळदीचा थर म्हणजे आणखी एक पडदा. कडुनिंबाचा लगदा वाळताना ताणतो आणि झोंबतो. कडुनिंबाचे तेल पोटात देण्याचा सल्लाही या घराला कोणीतरी दिला होता. तो ऐकला नाही हे फार बरे झाले, कारण त्या तेलाने बाळांना झटके आणि यकृत-मेंदूचा गंभीर विकार झाल्याची मलेशियातील नोंद १९८१ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली आहे. धुरी थांबवली ती धुरासाठी, वेखंडाची पूड कोरडेपणासाठी. आणि दुपटी ज्या ट्रंकेतून निघत त्यात डांबरगोळ्या होत्या, त्या त्याच दिवशी काढायला लावल्या. त्यांचा इसबाशी संबंध नसेल, पण काही बाळांच्या रक्तात असलेल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेत डांबरगोळीच्या वासाच्या कपड्यांनीही तांबड्या पेशी फुटून कावीळ होते.

त्या बिननावाच्या डबीतील मलमाची प्रयोगशाळेत तपासणी मी केली नाही. दोन दिवसांत साफ आणि बंद करताच दुपटीने परत, ही चाल मात्र कडक स्टिरॉईडची आहे. लंडनमध्ये १९९९ मध्ये इसबासाठी विकल्या जाणाऱ्या ११ चिनी वनौषधी मलमांची तपासणी झाली तेव्हा त्यांपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉईड निघाले होते. स्टिरॉईड नको म्हणणारे हे घर बहुधा महिनाभर स्टिरॉईडच लावत होते, तेही कोणते आणि किती याचा पत्ता नसताना, गालासारख्या पातळ कातडीवर.

काय ठेवले

अंघोळ ठेवली, उलट रोज हवीच म्हणून सांगितले. पाणी कोपराला जेमतेम कोमट लागेल असे, वेळ पाच ते सात मिनिटे, साबण फक्त मांड्यांच्या घड्यांत आणि तोही सौम्य. नंतर अंग पुसायचे नाही, जुन्या सुती साडीच्या फडक्याने टिपायचे, आणि ओलावा उडायच्या आत, दोन-तीन मिनिटांत, तेल. न्हाऊ घालणाऱ्या मावशींचा क्रम तेल, घासणे, पाणी असा होता. तो उलटा करून पाणी, टिपणे, तेल असा केला. बदल एवढाच, पण तो पटवायला अर्धा तास गेला, कारण मावशी तीस वर्षे हेच काम करीत होत्या आणि त्यांच्या हाताखालून अर्धे गाव गेले होते. त्यांना मी मुद्दाम दवाखान्यात बोलावले होते. घरच्यांना शंभर सूचना देऊन प्रत्यक्ष हात ज्यांचा, त्यांनाच वगळणे, ही चूक मी पूर्वी एकदोनदा केलेली आहे.

तेल कोणते, यावर आई पहिल्यांदाच बोलली: "आत्या, आमच्याकडे खोबरेलच लावतात." आत्या, म्हणजे सासूबाई, गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "लाव की मग." कच्च्या खोबऱ्यापासून उष्णता न देता काढलेल्या तेलाला इथे खरोखर आधार आहे. फिलिपिन्समध्ये सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, असे खोबरेल लावलेल्या मुलांचा इसबाचा गुणांक सरासरी ६८ टक्क्यांनी उतरला, तर खनिज तेल लावलेल्यांचा ३८ टक्क्यांनी. त्यातील लॉरिक आम्ल इसबाच्या कातडीवर हटकून वस्ती करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूंना आवर घालते. चाचणी लहान होती, हे विसरू नये. पण स्वस्त, घरातले आणि पुरावा असलेले असे फार थोडे उपाय असतात. तेही आधी मनगटाच्या आतल्या बाजूला तीन दिवस लावून पाहिले आणि मगच अंगभर वापरले. डिसेंबरच्या सकाळी तेल थिजलेले असे. चुलीवर तापवू नका, तळहातावर गोळी घेऊन दोन्ही हातांत विरघळवा आणि न चोळता लावा, असे सांगितले, आणि मावशींनी ते पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा सफाईने करून दाखवले.

ओल्या गालांवर तेल बसत नाही. तिथे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याच्या घड्या, दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटे, बाळ अंगावर पीत असताना. पाजण्याआधी गालांना आणि हनुवटीला पेट्रोलियम जेलीचे पातळ बोट, म्हणजे लाळ आणि दूध कातडीला लागत नाही. जेली नैसर्गिक आहे का, असे आईने विचारले. जमिनीतून निघते, असे उत्तर मी दिले, ते अर्धे थट्टेचे होते; पण वास नाही, रंग नाही, अन्नाचा अंश नाही आणि किंमत थोडी, यापेक्षा अधिक काही फुटलेल्या गालाला नको असते.

आजींच्या माहितीतील वैद्यांनी शतधौत घृत सुचवले होते, म्हणजे गाईचे तूप तांब्याच्या ताटात पाण्याने शंभर वेळा फेटून धुतलेले पांढरे लोण्यासारखे मलम. ते थंडावा देते हे मी स्वतः अनुभवले आहे आणि मोठ्या माणसाच्या फुटलेल्या टाचेला ते लावायला माझी ना नाही. बाळाच्या ओल्या गालावर मात्र दुधाच्या प्रथिनांचा अंशही नको, म्हणून ते मागे ठेवले. आईने मोबाइलवर ओट्सच्या पाण्याबद्दल वाचले होते. त्याचा दाहशामक गुण मान्य झालेला आहे, पण तेही अन्नच. आणि ज्या घरात ओट्स शिजतच नाहीत तिथे ते विकत आणून बाळाच्या अंगावर सुरू करण्यात मला अर्थ दिसला नाही.

पाण्याचा प्रश्न राहिला. बोअरचे पाणी इतके जड की हीटरच्या कॉइलवर खडूसारखा थर चढत होता. पाणी मऊ करणारे यंत्र घेण्यासाठी घरात हप्त्यांची बोलणी चालू होती, ती मी थांबवली. जड पाण्याच्या भागात इसब अधिक दिसतो, हे खरे. पण इंग्लंडमध्ये ३३६ मुलांच्या घरी अशी यंत्रे बसवून घेतलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांच्या इसबाला नेहमीच्या उपचारापलीकडे फायदा झाला नाही. साबण कमी केला की जड पाण्याचा अर्धा उपद्रव तसाच कमी होतो.

एक आठवडा, आणि मग गालांचा प्रश्न

आठव्या दिवशी हातापायांवरचे पट्टे मऊ झाले होते, बाळ रात्रीत सलग तीन तास झोपू लागले होते आणि पोएमचे गुण १९ वरून ११ वर आले होते. गाल मात्र तिथेच होते. लस थांबली होती, पण चट्टे जाड आणि गरम लागत होते. नैसर्गिक उपायांनी जे होण्यासारखे होते ते झाले होते. पेटलेली आग तेलाने विझणार नव्हती, आणि खाज राहिली तर बाळाने नखांनी आठवड्याची कमाई एका रात्रीत घालवली असती.

तेव्हा मी एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, हे सौम्य स्टिरॉईड, सुचवले. आजी उठूनच उभ्या राहिल्या. स्टिरॉईडने कातडी पातळ होते ही त्यांची भीती निराधार नव्हती. दुकानातून परस्पर आणलेल्या कडक मलमांनी चेहरे बिघडलेल्या मुली आमच्याकडे दर आठवड्याला येतात. मी ती डबी आणि माझी ट्यूब टेबलावर शेजारी ठेवली. एकीवर नाव, प्रमाण, तारीख. दुसरीवर काही नाही. मग मोजमाप दाखवले: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, आणि या बाळाच्या दोन गालांना अर्ध्या रेघेहूनही कमी लागेल. दिवसातून एकदा, पाच दिवस, मग बंद. निर्णय अखेर वडिलांनी घेतला, फोनवरून, आणि तो घेताना स्वतःच्या फुटलेल्या गालांची आठवण त्यांना झाली असावी.

पाचव्या दिवशी गाल सपाट झाले. तेल आणि जेली चालूच राहिली. तिसऱ्या आठवड्यात गुण ४ होते.

त्याच भेटीत नवीन काळजी उभी राहिली. चट्टे गेले तिथे फिकट पांढरे डाग उरले होते, आणि घरात दबक्या आवाजात 'कोड' हा शब्द उच्चारला गेला होता. मुलीचे गाल, म्हणून तो शब्द जास्तच जड. ठपका अर्थातच ट्यूबवर. सुजलेली कातडी शांत होताना तिथला रंग काही काळ मागे राहतो, सावळ्या वर्णावर तो फरक उठून दिसतो, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप भरून येतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा आणि कडा रेखलेल्या असतो, हा तसा नाही, असे मी उजेडात नेऊन दाखवले. ही गोष्ट मी मलम देतानाच सांगायला हवी होती. न सांगितल्यामुळे आठ दिवस एका घराने उगाच काळजीत काढले.

बोरनहाण

संक्रांतीनंतर चार दिवसांनी बाळ पुन्हा आले. बोरनहाण झाले होते: नवेकोरे काळे झबले, त्याला जरीची किनार, गळ्यात आणि मनगटांत हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि भुईमुगाच्या शेंगा, आणि अंगणात चाळीस माणसे. झबले आधी धुतलेले नव्हते. हलव्याच्या काटेरी दाण्यांनी मान घासली गेली, साखर घामात विरघळली आणि दुसऱ्या दिवशी मानेच्या घडीत मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या. हा जीवाणूंचा संसर्ग होता. इथे तेल, घड्या, काहीच पुरेसे नव्हते. तोंडावाटे प्रतिजैविक द्यावे लागले आणि आठवड्याभरात मान सुकली.

मी बोरनहाणाला दोष दिला नाही. हौस करायची असते. झबले आधी दोनदा धुऊन आतून जुन्या मलमलीचे अस्तर लावले असते आणि हलवा त्या अस्तरावरून घातला असता, तर एवढे झालेच नसते. त्याहून महत्त्वाचे मी त्या दिवशी सांगितले ते असे की ओठावर जर, म्हणजे हर्पीस विषाणूचे फोड, आलेल्या माणसाने इसबाच्या बाळाचा पापा घेऊ नये. तो विषाणू फुटलेल्या कातडीवर झपाट्याने पसरतो; एकसारखे, छिद्र पाडल्यासारखे लहान फोड आणि ताप दिसला तर रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे, घरचे काहीही लावत बसायचे नाही.

सहावा महिना संपत आल्यावर वरच्या अन्नाचा विषय निघाला. कातडीवर नको म्हणून सांगितलेले सगळे आता पोटातही नको, असा सरळ अर्थ घरच्यांनी लावला होता, आणि तो उलटा आहे हे सांगायला मला दुसऱ्यांदा माळवद लागले: पाणी छपरातून आले की घर खराब होते, दारातून घागरीने आले की स्वयंपाक होतो. गिडियन लॅक यांच्याच गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांची चाचणी केली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. लहानपणापासून नियमित शेंगदाणा खाणाऱ्या मुलांत पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी टाळणाऱ्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. या बाळाचा इसब आता आटोक्यात होता आणि कोणत्याही अन्नाने अंगावर पित्त उठल्याचा इतिहास नव्हता, म्हणून घरीच सुरू केले. इसब तीव्र राहिला असता तर आधी ॲलर्जीची चाचणी करून घेतली असती. शेंगदाणे भाजून, लोण्यासारखे बारीक वाटून, पेजेत पातळ करून बोटावर चाटण, अंड्याचा पूर्ण शिजलेला बलक, गव्हाची पेज. एका वेळी एकच नवा पदार्थ, सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते. अख्खा दाणा किंवा जाडसर कूट कधीच नाही, कारण ते श्वासनलिकेत जाते. ज्या आजींनी शेंगदाण्याचे तेल पुन्हा कपाटात ठेवले होते, त्यांनीच ते चाटण पाट्यावर वाटले.

उन्हाळा वेगळाच निघाला. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि डिसेंबरात वरदान ठरलेल्या खोबरेलाखाली घामोळे उठले. तेव्हा तेल फक्त हातापायांच्या कोरड्या जागांपुरते ठेवले, छाती-पाठीला हलके, बिनवासाचे क्रीम दिले आणि संध्याकाळी दुसरी अंघोळ सुरू केली. टोपरे गेले. माळवदाच्या घराचा आतला गारवा बाळाला इतका मानवला की मे महिन्यात ते माझ्याकडे आलेच नाही.

शेवटची भेट सप्टेंबरात, चौदाव्या महिन्यात झाली. गालांचा रंग पूर्ण भरला आहे, वजन ९.१ किलो आहे, आणि इसब आता वय वाढले तशी जागा बदलून कोपरांच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे उतरला आहे. रुपयाएवढे दोन चट्टे, पोएमचे गुण ३. हायड्रोकॉर्टिसोनची पहिली ट्यूब अजून संपलेली नाही. न्हाऊ घालणाऱ्या मावशी आता दुसऱ्या घरी गेल्यावर तेलाला हात लावण्याआधी बाळाचे गाल उजेडात नेऊन पाहतात, असे आईने सांगितले. थंडीत पुन्हा उमटेल का, असे तिने विचारले तेव्हा बहुधा थोडे उमटेल असेच मी म्हणाले, आणि पुढची भेट दसऱ्यानंतर, हवा कोरडी पडू लागते त्या आठवड्यात ठेवली.